शालूपासून ठिगळाच्या लुगड्यापर्यंत

एकांकिका स्पर्धांचा सीझन आला की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. कुणाकडे जुनी साडी आहे का, कुणाकडे धोतर मिळेल का, कुणाच्या आजोबांची काठी दोन दिवसांसाठी चालेल का. सेकंड इयरला असताना हा मेसेज टाकायचं काम माझ्याकडे होतं, कारण आमच्या ग्रुपचा कपडेपट मी सांभाळत होते.

आमच्या एकांकिकेतली बाई चार घरची धुणीभांडी करणारी होती. मनासारखी साडी काही मिळेना, म्हणून आदल्या दिवशी मी बाजारात जाऊन स्वस्तातली एक सुती साडी घेऊन आले. प्रयोग झाला. नंतर एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की साडीवरच्या दुकानातल्या घड्या चौथ्या रांगेतून दिसत होत्या. आमच्या मैत्रिणीने जीव तोडून काम केलं होतं. पण ती रडत असताना लोक तिची कोरी साडी बघत होते. चूक तिची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. नाटकात कपडा आणि नेपथ्य नेमकं काय काम करतात? शोभेसाठी असतात, की गोष्ट सांगतात? उत्तर शोधता शोधता मी ज्या माणसापाशी पोहोचले, त्याचं नाव आपण रोज घेतो. पुण्यात तर ते नाव माणसाचं कमी आणि भेटायच्या जागेचं जास्त झालंय. ‘बालगंधर्व’पाशी भेटू, असं आपण सहज म्हणून जातो.

नारायणाचा बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८चा. गळा लहानपणापासूनच गोड. त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटलं आणि खरं नाव मागे पडलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचाही या मुलावर लोभ होता. कानाच्या दुखण्यावर उपचार करून घेण्यासाठी नारायण मिरजेला आला आणि तिथेच त्याचा किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश झाला. ते साल होतं १९०५.

मंडळीला तेव्हा अशा मुलाची गरजच होती. नायिकेच्या भूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते. त्या काळी या मंडळ्यांमध्ये बायकांची कामं पुरुषच करायचे. त्यामुळे नायिका व्हायचं तर आधी गळा हवा, मग रूप हवं, आणि मग नऊवारी नेसून रंगमंचावर बाईसारखं वावरता यायला हवं.

नारायणाची पहिली मोठी भूमिका होती ‘शाकुंतल’मधली शकुंतला. ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आश्रमात वाढलेली, फुलांचे दागिने घालणारी मुलगी राजाच्या दरबारात येते आणि राजा तिला ओळखत नाही, कारण खुणेची अंगठी हरवलेली असते. एक अंगठी हरवते आणि सगळी गोष्ट फिरते. आज आपण ज्याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतो, त्या एका छोट्या वस्तूवर अख्खं नाटक उभं आहे. सतराव्या वर्षी नारायणाला हे असं समजलं असेल का, ते सांगता येणार नाही. पण कामाची सुरुवात या नाटकापासून झाली, एवढं खरं.

पडदा बदलला की जागा बदलली

तेव्हाचं नेपथ्य म्हणजे मुख्यतः रंगवलेले पडदे. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, बागेचा पडदा. एक पडदा वर गेला, दुसरा खाली आला, की प्रेक्षकांनी समजायचं, आपण आता दुसरीकडे आलो. पडदे रंगवणं ही मोठी कला होती. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ सिनेमात येण्याआधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यासाठीच प्रसिद्ध होते.

पण या पडद्यांना एक मर्यादा होती. राजवाड्याचा पडदा कोणत्याही राजाला चालायचा. जागा कुठली आहे ते तो सांगायचा, पण त्या जागेत राहणाऱ्या माणसाचं काय चाललंय ते सांगायचा नाही. ते काम उरायचं नटाच्या अंगावरच्या कपड्यांकडे. म्हणूनच त्या काळात कपडेपट ही मंडळीतली फार महत्त्वाची गोष्ट होती. गावोगाव फिरताना कपड्यांच्या पेट्या सोबत जायच्या. प्रयोग बत्त्यांच्या उजेडात चालायचे. अशा उजेडात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाच्या डोळ्यातलं पाणी दिसत नाही. त्याला साडीचा रंग दिसतो, जरीची चमक दिसते, पदर डोक्यावर आहे की कमरेला खोचलाय ते दिसतं. पदर खोचला की बाई कामाला लागली. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला की ती संकोचली किंवा घाबरली. एक शब्द न बोलता एवढं सगळं कळतं.

बालगंधर्वांनी ही भाषा जितकी मनावर घेतली, तितकी त्यांच्या पिढीतल्या फार थोड्या नटांनी घेतली असेल.

१२ मार्च १९११

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं ‘मानापमान’ हे नाटक किर्लोस्कर मंडळीने मुंबईत रंगमंचावर आणलं, ती तारीख १२ मार्च १९११. संगीत गोविंदराव टेंबे यांचं. बालगंधर्व झाले होते भामिनी.

कपडा गोष्ट कशी सांगतो हे समजून घ्यायला ‘मानापमान’सारखं नाटक नाही. भामिनी श्रीमंताची लेक. धैर्यधर पराक्रमी आहे, पण गरीब, म्हणून ती त्याला नाकारते. पुढे तीच भामिनी दागिने उतरवून, साधे कपडे घालून, वनमाला नावाची गरीब मुलगी बनून त्याच्या छावणीवर जाते. जिने अपमान केला, तिच्याच प्रेमात तो पडतो, कारण तो तिला ओळखत नाही. दुसरीकडे लक्ष्मीधर हा श्रीमंत उमेदवार अंगभर दागिने मिरवतो आणि आतून भित्रा असतो. माणसाची किंमत अंगावरच्या सोन्यावरून करायची का, हाच नाटकाचा प्रश्न आहे. म्हणजे इथे दागिने सजावट म्हणून आलेले नाहीत. भामिनीच्या अंगावर खरंच डोळे दिपवणारे दागिने दिसले नाहीत, तर ते उतरवण्याला काही अर्थच राहत नाही.

या पहिल्या प्रयोगाची आणखी एक आठवण मराठी रंगभूमीवर सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी तो ढकलू दिला नाही. ते रंगपटात गेले, तोंडाला रंग लावला, साडी नेसले, भामिनीचे दागिने एकेक करून चढवले आणि रंगमंचावर उभे राहिले. नाटक प्रचंड गाजलं.

मी हे वाचलं तेव्हा थोडा हिशोब केला. १९११च्या मार्चमध्ये ते बावीस वर्षांचे होते. म्हणजे माझ्याच वयाचे. त्यांनी केलं ते बरोबर की चूक, हे मला ठरवता येत नाही. घरी बसलेल्या त्या मुलीच्या आईचा विचार केला की तर अजिबातच येत नाही. पण तो रंगपटातला आरसा मात्र डोळ्यासमोरून जात नाही.

अख्ख्या महाराष्ट्राची फॅशन

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली ‘स्वयंवर’ आलं. त्याला भास्करबुवा बखले यांचं संगीत होतं. त्यातली बालगंधर्वांची रुक्मिणी लोकांनी डोक्यावर घेतली.

या काळात त्यांच्या साड्या, दागिने, केसांची रचना, गजरा माळायची पद्धत, सगळ्याची चर्चा व्हायची. घरंदाज बायका त्यांचं बघून साडी नेसू लागल्या. आज आपण एखाद्या हिरॉइनचा लूक कॉपी करतो ना, अगदी तसंच. फरक इतकाच, की तेव्हाची ती हिरॉइन पुरुष होती.

खोटं काही त्यांना चालायचं नाही. शालू खरा, जर खरी, अत्तर खरं. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे उस्ताद. प्रेक्षकाला जे द्यायचं ते अस्सल द्यायचं, हा हट्ट होता. आता कुणी म्हणेल, अत्तराचा वास स्टेजवरून किती लांब जाणार? पण मला वाटतं, भरजरी शालू अंगावर असला की नटाची चाल आपोआप बदलते. खऱ्या कपड्याला वजन असतं. आपण ट्रॅकपँटवर प्रॅक्टिस करतो आणि प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा नऊवारी नेसतो, तेव्हा नायिका अडखळते ती याचमुळे.

सिंधूचं लुगडं

मग १९१९ साल आलं. राम गणेश गडकरी यांचं ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीने रंगमंचावर आणायचं ठरवलं होतं. गडकरी २३ जानेवारीला वारले. नाटक फेब्रुवारीत बडोद्याला झालं. आपलं सर्वांत गाजलेलं नाटक लेखकाला रंगमंचावर बघायला मिळालं नाही.

या नाटकात राजे नाहीत, राजकन्या नाहीत. सुधाकर हा हुशार वकील दारूच्या नादी लागतो आणि घर धुळीला मिळतं. त्याची बायको सिंधू. सुखवस्तू माहेरची लेक. तिचा भाऊ तिला न्यायला तयार असतो, पण ती नवऱ्याला सोडत नाही. लोकांची दळणं दळून ती घर चालवते.

बालगंधर्वांपुढचा प्रश्न किती अवघड होता ते बघा. लोक त्यांना शालूत बघायला यायचे. त्यांची ख्याती, मंडळीचं उत्पन्न, सगळं त्या वैभवावर उभं होतं. आणि या नाटकात सिंधूला हळूहळू कफल्लक होत जायचं होतं. तिच्या अंगावर चांगली साडी ठेवली असती तरी गाणी तीच राहिली असती आणि लोकही आले असते. पण मग ती सिंधू राहिली नसती.

बालगंधर्वांनी ठिगळं लावलेलं लुगडं नेसलं. ज्याच्या साड्या बघायला बायका गर्दी करायच्या, तो नट फाटक्या लुगड्यात जात्यापाशी बसला. आणि प्रेक्षक रडले. त्या रडण्यात गळ्याचा वाटा होता, गडकऱ्यांच्या शब्दांचा होता. पण लुगड्याचाही होता. आधीच्या नाटकांत डोळे भरून पाहिलेलं सगळं वैभव प्रेक्षकांच्या मनात ताजं होतं. त्यामुळे काय गेलं ते कुणी सांगायची गरजच उरली नाही. समोर फक्त एक जातं आणि एक ठिगळ होतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. कपडा सुंदर आहे की साधा, महाग आहे की स्वस्त, हा मुद्दाच नाही. पहिल्या अंकातला माणूस शेवटच्या अंकापर्यंत कुठे पोहोचला, ते त्याच्या कपड्यावर दिसतंय का, हा मुद्दा आहे. भामिनीची वनमाला होते ती स्वतःच्या मर्जीने, दागिने ती स्वतः उतरवते. सिंधूचं सगळं तिच्या हातात नसताना उतरत जातं. दोन्हीकडे बाई साध्या कपड्यात येते, पण अर्थ पूर्ण वेगळा.

मयसभा आणि कर्ज

लगेच पुढच्या वर्षी, १९२० साली, खाडिलकरांचं ‘द्रौपदी’ आलं. सिंधूच्या लुगड्यानंतर आता मयसभा उभी करायची होती. महाभारतात मयसभेत जमीन कुठे आणि पाणी कुठे ते कळत नाही, दुर्योधन फसतो, त्याचा अपमान होतो आणि तिथून द्यूताकडे गोष्ट सरकते. म्हणजे इथे जागा हीच भांडणाचं कारण आहे. ती साधी दाखवून भागत नाही. बालगंधर्वांनी खर्चाकडे बघितलंच नाही. त्या काळात ऐकणाऱ्याला भोवळ येईल एवढा पैसा त्यांनी नेपथ्यात आणि कपडेपटात ओतला.

नाटकाचं कौतुक झालं, पण पैसा तसा परत आला नाही. टेंबे आधीच मंडळी सोडून गेले होते, पुढे बोडसही गेले. १९२१च्या सुमारास बालगंधर्व एकटे मालक उरले आणि डोक्यावर कर्ज होतं लाखाच्या वर. शंभर वर्षांपूर्वीचे लाख.

त्यांच्याविषयी लिहिताना इथे बहुतेक लोक त्यांच्या उधळेपणाला दोष देतात. व्यवहार त्यांना जमला नाही हे खरंच आहे. मंडळीत पोट भरणारी कितीतरी माणसं होती, त्यांचं काय, हा प्रश्नही आहेच. पण मला वाटतं, चूक फक्त पैशाची नव्हती. ‘एकच प्याला’त कपडा गोष्टीच्या मागे चालत होता. ‘द्रौपदी’त नेपथ्य एवढं मोठं झालं, की लोक त्याच्याचविषयी बोलत राहिले. माझ्या त्या कोऱ्या साडीचंही हेच झालं होतं, फक्त उलट्या बाजूने. साडी दोनशे रुपयांची असो की सेट हजारोंचा, लोक गोष्ट सोडून त्याच्याकडे बघायला लागले की काहीतरी बिघडलंय.

मात्र कर्जाच्या बाबतीत त्यांनी हात वर केले नाहीत. पुढची कित्येक वर्षं नाटकं करत करत त्यांनी ते फेडलं.

काळ बदलला

तोपर्यंत रंगभूमी बदलत होती. ललितकलादर्श मंडळीत पु. श्री. काळे यांच्यासारखे नेपथ्यकार लोंबत्या पडद्यांऐवजी भिंती, दारं, खिडक्या असलेली खरीखुरी खोली उभी करू लागले होते. १९३२ साली पहिला मराठी बोलपट आला. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, त्यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. पुरुषाने साडी नेसून नायिका व्हायचं, ही कल्पनाच आता जुनी वाटू लागली.

गंधर्व मंडळी बंद पडली. १९३५ साली बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात संत एकनाथ झाले. पुरुषाच्या वेशात. पण सिनेमात त्यांचं मन रमलं नाही आणि ते पुन्हा नाटकाकडे वळले. वय वाढलं, शरीर सुटलं, तरी ते सिंधू करत राहिले. ज्यांनी त्यांना तरुणपणी पाहिलं होतं, ते त्यांच्यात जुनी सिंधू शोधायचे. नव्या पिढीतल्या काहींना ते बघवायचं नाही. कपडा गोष्ट सांगतो खरा, पण ती अंगावर घेणाऱ्या माणसाचं वय काही त्याला लपवता येत नाही.

मानसन्मान मिळाले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ साली पद्मभूषण. पण उतारवयात पाय निकामी झाले आणि हातात पैसा उरला नव्हता. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. ज्या रंगमंदिराच्या भूमिपूजनाला १९६२ साली ते स्वतः हजर होते, ते बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या वाढदिवशी. ते बघायला ते नव्हते.

दोन चित्रं

या रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊस्कर यांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं आहेत. एकात ते पुरुषवेशात आहेत, दुसऱ्यात स्त्रीवेशात. प्रयोगाच्या गडबडीत आपण त्यांच्यासमोरून पळत असतो, हातात इस्त्रीचे कपडे, खिशात सेफ्टी पिना. पुढच्या वेळी गेलात तर दोन मिनिटं थांबा. माणूस एकच आहे. पण कपडा बदलला आणि उभं राहणं बदललं, बघणं बदललं.

थर्ड इयरला मी पुन्हा कपडेपटच मागून घेतला. या वेळी आमच्या एकांकिकेत एक म्हातारी भाजीवाली होती. महिनाभर आधी साडी आणली. सहा-सात वेळा धुतली, एकदा चहाच्या पाण्यात बुडवली, दगडावर घासली. आणि भूमिका करणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं, की रोजची प्रॅक्टिस याच साडीत करायची, जमिनीवर बसायचं ते हीच साडी नेसून, आणि हात पुसायचे ते याच पदराला. ती पंधरा दिवस मला शिव्या घालत होती.

प्रयोग झाल्यावर लोक तिला भेटायला विंगेत आले. तिच्या कामाविषयी भरभरून बोलले. साडीविषयी कुणी एक शब्द काढला नाही. मी पेटी आवरत होते, आणि मला भारी वाटत होतं.